विचारा की! लेकरं, आजोबा आणि सह्याद्रीचं जंगल

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं, सुट्टीत घरच्यांना घेऊन जंगलात, डोंगरात चालायला जायचं असेल तर काय अडतंय ते लिहून पाठवा. पत्रं भरपूर आली आणि निम्म्यांची सुरुवात एकच, आमच्या सोलापुरात डोंगर नाही हो. नाही तर नाही, जाऊ की.

प्रश्न (जुळे सोलापूर): ताई, मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी नऊची. दोघांनी घाट बघितलाय तो फक्त रेल्वेच्या खिडकीतून. मिस्टर म्हणतात डायरेक्ट कळसूबाई करू, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, फोटो भारी येतील. मला धाकधूक होतेय. पहिल्यांदा कुठं न्यावं?

उत्तर: मिस्टरांना सांगा कळसूबाई कुठं पळून जात नाही, १६४६ मीटर आहे आणि तेवढीच राहणार. तिथं कड्याला लोखंडी शिड्या आहेत, सुट्टीच्या दिवशी त्यावर चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी, सहा वर्षांच्या लेकराला घेऊन त्या गर्दीत मधेच अडकायचं कशाला?

आधी जवळचं बघा. तुळजापूर, धाराशिव करत पुढं गेलात की येडशीचं रामलिंग, बालाघाटच्या डोंगरातलं अभयारण्य आहे. मंदिर दरीत आहे, जटायूची कथा तिथलीच सांगतात, पावसाळ्यात धबधबा असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत सगळं हिरवंगार. सकाळी निघून संध्याकाळी घरी. उन्हाळ्यात मात्र पानं गळून नुसत्या काटक्या राहतात, तेव्हा नेऊन पोरांचा मूड घालवू नका. आणि माकडं! हातात पिशवी दिसली की ती त्यांचीच.

तिथं पोरं रमली तर मग भीमाशंकर. आपल्या पोरांना हे दाखवलंच पाहिजे असं माझं मत, कारण नळाला येतं ते उजनीचं पाणी आणि पंढरपूरची चंद्रभागा, दोन्ही म्हणजे भीमाच, आणि ती उगम पावते या जंगलात. शेकरू दिसायचा चान्सही इथं चांगला, आपला राज्यप्राणी, तांबूस रंगाची लांब शेपटीची मोठी खार. सकाळी लवकर, आवाज न करता, मान वर करून चालायचं. झाडाच्या शेंड्याकडं काटक्या-पानांचा फुटबॉलएवढा गोळा दिसला की ते त्याचं घरटं, एकच शेकरू अशी तीन-चार तरी बांधतं, त्यामुळं घरटं दिसलं म्हणजे मालक घरात असेलच असं नाही. आमच्याकडची पोरं शेकरूपेक्षा घरटी मोजण्यातच जास्त रमतात.

मंदिराजवळून हनुमान तळं, नागफणीकडं जाणाऱ्या वाटा आहेत, गुप्त भीमाशंकरची वाटही झाडीतून जाते, घरच्यांना एवढं पुरे. नागफणीला मात्र कड्याच्या टोकावर पोरांचा हात सोडायचा नाही. खाली कर्जतच्या बाजूनं खांडसवरून चढून येतात त्या वाटा वेगळ्या, त्यातल्या शिडी घाटाचं नावसुद्धा या वयात काढू नका. श्रावण आणि महाशिवरात्र टाळा, तेव्हा जंगल कमी आणि डोकी जास्त. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुणं, तिथून एसटी किंवा गाडी, आणि एक मुक्काम धरूनच निघा, एका दिवसात उरकायचा हट्ट केला तर चालणं राहतं बाजूला आणि पोरं गाडीत ओकून ओकून हैराण.

आता किती चालवायचं. सहा वर्षांच्या पोराला जाऊन-येऊन तीन-चार किलोमीटर पहिल्यांदा खूप झालं. मी तर ठिकाण ठरवतच नाही, वेळ ठरवते, म्हणजे साडेदहा वाजले की जिथं असू तिथून माघारी, मग तो पॉइंट वळणापलीकडं असला तरी. मोठ्या माणसांना हे लय जड जातं, पोरांना काहीच वाटत नाही. पोरं चालत नाहीत ही तक्रार मला फारशी पटत नाही, जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत गड्ड्यावर हीच पोरं रात्री उशिरापर्यंत फिरतात तेव्हा कुणाचे पाय दुखत नाहीत. जंगलात पुढं काय आहे याची उत्सुकता लावायचं काम आपलं. तोवर महिनाभर रविवारी सकाळी विजापूर रोडच्या सिद्धेश्वर वनविहारात चालायला न्या, बूट चावतात का तेही तिथंच कळेल.

प्रश्न (बार्शी): सासरे ६८ वर्षांचे आहेत, गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू आहे, पण आम्ही निघालो की तेही तयार होतात. नको म्हणायचं कसं?

उत्तर: नको म्हणूच नका, जागा बदला. भीमाशंकरला देवळापर्यंत दोनशेच्या वर पायऱ्या आहेत, जाताना उतरायच्या आणि येताना चढायच्या, आणि दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणंच जास्त त्रास देतं. त्यांच्यासाठी महाबळेश्वर बरं. विल्सन पॉइंटला गाडी जाते, १४३८ मीटरवर उभं राहून सूर्योदय बघता येतो, आणि बाकी पॉइंटांच्या आसपास झाडीतून चालायला बऱ्यापैकी सपाट, सावलीच्या वाटा आहेत. अंजनी, जांभूळ, पिसा अशी बुटकी दाट झाडं, वर पानांचं छत. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात जाऊन आलात की काका खूश.

मे महिन्यात नेलं तरी चालेल. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण सहा-साडेसहा डिग्रीनं उतरते आणि आपल्यापेक्षा महाबळेश्वर जवळजवळ तेवढंच उंच आहे. इकडं बेचाळीस असताना तिकडचा फरक काकांना न सांगता कळेल. गोळ्या मोठ्या बॅगेत नाही, त्यांच्या खिशात ठेवा. काठी द्या, घेणार नाहीत, मग नातवाच्या हातात द्या आणि उतारावर आजोबांना दे म्हणून सांगा. जायच्या आधी एकदा डॉक्टरांना विचारा, हे मी सांगायला नकोच.

प्रश्न (अशोक चौक): आमची चार-पाच कुटुंबं जुलैत धबधब्याला जायचं म्हणतायत, लहान मुलं सोबत. पाऊस असताना जंगल बघण्यात मजा असते ना?

उत्तर: मजा असते, पण वाहत्या पाण्यात पोरांना उतरवू नका, एवढं एक ऐका. २०२४ च्या जूनच्या शेवटच्या रविवारी लोणावळ्याला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलंही होती. पाऊस वर डोंगरात पडतो, आपण उभे असतो तिथं कदाचित रिमझिम सुद्धा नसते आणि पाणी मिनिटांत चढतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पानं वाहत आली, आवाज वाढला, की सेल्फी-बिल्फी सोडून काठावर यायचं. खरं तर लेकरं असताना आत जायचंच नाही, लांबून बघा, भिजायचंच असेल तर पावसात भिजा की, कोण नको म्हणतंय.

आपल्याला पावसाचा अंदाज नसतो हीसुद्धा गोष्ट आहे. महाबळेश्वरला वर्षाला आपल्या सात-आठपट तरी पाऊस पडतो. दाट धुक्यात दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही आणि शेवाळलेला काळा दगड सपाट तळव्याच्या बुटांना अजिबात धरत नाही, शाळेचे घासलेले कॅनव्हास तर घरीच ठेवा. खाचा असलेला सोल पाहिजे, महागाचे बूट लागत नाहीत, ट्रेकवाल्यांत वर्षानुवर्षं अॅक्शनचे साधे बूट चालतात. पोरांचे पाय वाढतायत, हजारोंचे बूट घेऊन करायचं काय. मला विचाराल तर छोट्यांना घेऊन ऑक्टोबरअखेर ते जानेवारी सगळ्यात बेस्ट.

प्रश्न (अक्कलकोट): साप, जळवा, मधमाश्या या सगळ्याची बायकोला फार भीती, त्यामुळं प्लॅन दर वेळी कॅन्सल होतो. काय सांगू तिला?

उत्तर: वहिनींची भीती काढू नका, माहिती द्या. जळू दिसते भयानक पण करत काही नाही, नखानं सरकवून काढायची, तिच्या लाळेमुळं रक्त पातळ होतं म्हणून जरा वेळ वाहत राहतं, घाबरायचं नाही. गाववाले तंबाखूच्या पाण्यात भिजवलेले मोजे घालतात. लहान पोरांना मात्र असले मोजे घालू नका, त्यांची पँटच मोज्यात खोचा, आणि हे फक्त पावसाळ्यापुरतं. साप आपल्याला दिसायच्या आत निघून जातो, हात मात्र न बघता कपारीत किंवा पाचोळ्यात घालायचा नाही. चावलाच तर करकचून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही, अंगठी-घड्याळ काढायचं, तो हात-पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा. जिथं रेंज नाही तिथं किती आत जायचं ते म्हणून आधी ठरवायचं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त धाक आग्या मोहळाचा. कड्याखाली काळी पोळी लटकलेली दिसली तर तिथं सेंट मारून, स्पीकर लावून, धूर करून जायचं नाही. आणि कुणी ग्रुपमधला शहाणा दगड मारायला लागला तर त्याला तिथूनच परत पाठवा, पाहुणा असला तरी.

प्रश्न (मोहोळ): वाटेत हॉटेल नाही, मॅगी नाही. मुलं खाणार काय?

उत्तर: सोलापूर जिल्ह्यात राहून हा प्रश्न? कडक भाकरी आणि शेंगा चटणी! चार दिवस काही होत नाही, गरम करायची भानगड नाही. फक्त भाकरी पिशवीत सुट्टी टाकली तर वर पोचेपर्यंत निम्मा भुगा होतो, टॉवेलात गुंडाळून ताटासारख्या सपाट डब्यात ठेवा, म्हणजे टॉवेलही कामाला येतो. एक अडचण आहे, कडक भाकरीनं तहान लय लागते, म्हणून पाणी मोठ्यांना दोन लिटर, पोरांना एक तरी पाहिजेच, जानेवारीनंतर सह्याद्रीतले झरे आटत जातात, त्यांच्या भरवशावर राहू नका. चटणीचं तिखट पोरांना सोसत नसेल तर शेंगापोळी द्या, तुपाशिवाय सुद्धा खातात. ओआरएसचं एक पाकीट असू द्या. आणि माकडाच्या समोर डबा उघडायचा नाही, खाऊन झाल्यावर रिकाम्या पिशव्या परत गाडीपर्यंत आणायच्या, ते काम सहा वर्षांच्या माणसाला द्या, तो ते मोठ्यांपेक्षा कडक करतो.