पायथन शेपूट दाखवतं, आर शून्य, मग खरं कोण?

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑयलरचं सूत्र शिकलो, ईचा आय-पाय घात म्हणजे उणे एक. पायथन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत करून बघितलं तर (-१+१.२२४६४६७९९१४७३५३२ई-१६जे) आलं, आणि कॉलेजच्या लॅबमधल्या आर ह्या दुसऱ्या भाषेच्या जुन्या आवृत्तीत तेच केलं तर सरळ -१+०आय. मित्र म्हणतो पायथनचं गणित कच्चं आहे. खरंच का?

उत्तर: अजिबात नाही. दोन्हीकडे मेमरीत संख्या तीच बसलीय, फरक फक्त छापण्याचा (पायथन आयलाच जे लिहितं). आणि ते ई-१६चं (इथे ई-१६ म्हणजे गुणिले दहाचा उणे सोळावा घात) शेपूट पण उगाच आलेलं नाही. डबलमध्ये, म्हणजे संगणक दशांश संख्या साठवतो त्या नेहमीच्या साच्यात, पाय पूर्ण मावत नाही, जो मावतो तो खऱ्या पायपेक्षा १.२२४६ई-१६ एवढा कमी पडतो, आणि पायच्या इतक्या जवळ साइन घेतला की नेमकी तीच तूट उत्तर म्हणून बाहेर येते. म्हणजे साइन अगदी बरोबर काढलाय, आपण दिलेला पायच तोकडा होता! मला हे फार आवडतं. फोर्ट्रानमध्ये सिंगल प्रिसिजनने (डबलच्या निम्म्या जागेत) करून बघा, तिथे पाय उलट किंचित जास्त भरतो म्हणून -८.७४ई-०८ येतं, चिन्ह बदलून.

आता छापायचं. पायथन दोन्ही भाग स्वतंत्र धरतं आणि परत वाचल्यावर हुबेहूब तीच संख्या मिळेल इतके अंक देतं. जुनं आर सात सार्थ अंक दाखवायचं, पण मोजायचं मोठ्या भागावरून, त्यात छोटा भाग बसला नाही की तिथे शून्य.

तुमच्या उदाहरणात ते शून्य बरंच वाटतं. पण पाण्याचा कॉम्प्लेक्स रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स घ्या, रिअल पार्ट १.३३ आणि निळ्या-हिरव्या प्रकाशाला इमॅजिनरी पार्ट (प्रकाश किती शोषला जातो ते सांगणारा) साधारण ई-९च्या घरात. जुनं आर १.३३+०आय छापणार, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार पाणी प्रकाश शोषतच नाही, आणि स्वच्छ पाण्यात उजेड किती खोल जातो ते तर ह्याच आकड्यावर ठरतं. हा राउंडिंगचा कचरा नाही, तो ई-१६च्या आसपास असतो. २०२४ला आलेल्या आर ४.४.० पासून हे शून्य करणं बंद झालं, योग्यच झालं.

पायथनमध्ये छापताना फॉरमॅट .३एफ (दशांशानंतर तीन अंक) दिलंत तर -१.०००+०.०००जे दिसेल, .३जी (तीन सार्थ अंक) दिलंत तर -१+१.२२ई-१६जे. छोटा भाग कामाचा असेल तिथे जी वापरा किंवा रिअल-इमॅजिनरी दोन वेगळ्या कॉलममध्ये छापा, आणि नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) सप्रेस ट्रू, म्हणजे बारीक संख्या शून्य दाखवायचं सेटिंग, करून ठेवलं असेल तर ते आधी काढा.