गावांनी दिलेली बाडे आणि अडलेला प्रबंध

पत्र (संक्षेपाने) : मी खानापूर तालुक्यातली, वय ३१. २०२३ च्या सुरुवातीला सीमेपलीकडच्या एका विद्यापीठात मराठीच्या पीएच.डी.साठी नोंदणी केली. विषय आहे बेळगाव परिसरातील ग्रामीण साहित्य संमेलने. बेळगावच्या एका महाविद्यालयात अतिथी व्याख्याती म्हणून शिकवते. गावोगावच्या स्मरणिका, इतिवृत्ते, जमाखर्चाच्या वह्या आणि साठ तासांच्या मुलाखती माझ्याकडे जमल्या आहेत, पण एकही प्रकरण पूर्ण नाही. ज्या गुरुजींनी आपल्या कपाटातले बाड माझ्या हाती दिले, ते भेटले की विचारतात, "आमच्या गावाचं नाव येणार ना?" बाडे देणाऱ्यांपैकी दोघे आता हयात नाहीत. मार्गदर्शकांचा फोन मी टाळते. आई म्हणते, आता पुरे. सोडून द्यावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे आठ पानी पत्र मी दोनदा वाचले. जी व्यक्ती आपल्या अडचणीविषयी सलग आठ पाने इतकी नेमकी लिहू शकते, तिला लिहिता येत नाही असे मी मानणार नाही. तुमची अडचण निराळी आहे. माणसांनी विश्वासाने दिलेल्या कागदांचे ऋण आणि प्रबंध या दोन गोष्टी तुमच्या मनात एक झाल्या आहेत. त्यामुळे कोणतेही प्रकरण लिहायला घेतले की त्यातून वगळली जाणारी गावे डोळ्यांसमोर उभी राहतात आणि लेखणी थांबते.

हे ओझे मी हलके समजत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांत वर्गणी काढून संमेलने भरतात, सकाळी ग्रंथदिंडी निघते, पाहुण्यांच्या जेवणाची जबाबदारी गाव घेते आणि शेतातली कामे बाजूला ठेवून माणसे कविता ऐकायला बसतात. या सगळ्याची नोंद आपण नाही ठेवली तर कोण ठेवणार, हा तुमचा प्रश्न खरा आहे. मात्र त्याचे उत्तर एकट्या प्रबंधाने देण्याची गरज नाही. प्रबंधाने एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते. साऱ्या गावांची स्मृती जपणे हे वेगळे काम आहे आणि ते वेगळ्या मार्गाने होऊ शकते.

ते काम आधी मार्गी लावा, म्हणजे मन मोकळे होईल. प्रत्येक बाडाची नोंद करा : कोणी दिले, केव्हा दिले, त्यात काय आहे. पानांची छायाचित्रे मोबाइलवर काढून त्यांच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा आणि मूळ कागद ज्यांचे त्यांना, किंवा त्यांच्या वारसांना, परत करा. त्यांची संमती असेल तर बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाला एक संच ठेवून घेण्याची विनंती करता येईल. १८४८ पासूनच्या त्या संस्थेपेक्षा या कागदांना साजेसे घर मला तरी सुचत नाही. प्रबंधाच्या परिशिष्टात सर्व गावांची, साधनांची आणि, ज्यांची हरकत नसेल त्या, मुलाखत देणाऱ्यांची सूची द्या. मान्य झालेले प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर ठेवले जातात आणि ते कोणालाही वाचता येतात. गुरुजींना "होय, नाव येणार" असे तुम्ही आजच सांगू शकता.

आता प्रबंधाविषयी. पहिल्या प्रकरणाची सुरुवात तुम्ही १९४६ च्या बेळगावच्या संमेलनापासून केली, कारण ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील त्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. मग शि. म. परांजपे अध्यक्ष असलेल्या १९२९ च्या संमेलनापर्यंत मागे गेलात आणि १८० पाने होऊनही एका खेड्याच्या वेशीपर्यंत पोहोचला नाहीत. सीमाभागातल्या अभ्यासकाला इतिहासाची ही ओढ असणे मी समजू शकते. आपल्याला सगळे पहिल्यापासून सांगावेसे वाटते. तरीही ही पाने सध्या बाजूला ठेवा. त्यांतली दहा-बारा पुढे कामी येतील.

तुमच्या पत्रातली सर्वांत जिवंत ओळ सहाव्या पानावर, जवळजवळ जाता जाता आली आहे : एका गावाच्या जमाखर्चाच्या वहीत तांदूळ, भाजी आणि स्वयंपाकाच्या नोंदींत बायकांची नावे ओळीने आहेत, पण त्याच वर्षांच्या निमंत्रणपत्रिकांवर व्यासपीठाच्या रकान्यात एकाही बाईचे नाव नाही. ताई, तुमचा प्रश्न इथे आहे. संमेलन कोणाच्या कष्टावर उभे राहते आणि तिथे बोलते कोण, हे एकाच गावाच्या, एकाच वहीच्या आधाराने बारा पाने लिहून पाहा. मुलाखतींतली वाक्ये उद्धृत करताना ती पुस्तकी करू नका. आपल्या भागातली माणसे जशी बोलली तशीच उतरवा आणि कानडी वळणाचा शब्द आला तर त्याचा अर्थ तळटीपेत द्या.

ही बारा पाने कच्ची असतानाच मार्गदर्शकांकडे पाठवा आणि सोबत चार ओळींत स्पष्ट लिहा की मी अडले होते म्हणून फोन टाळत होते. ते रागावतील, कदाचित. पण शोधार्थीच्या मौनापुढे मार्गदर्शकाला काहीच करता येत नाही. कच्च्या पानांवर निदान खुणा करता येतात.

मुदतीची भीती मात्र काढून टाका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कमाल सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि स्त्री शोधार्थींना त्यापुढेही दोन वर्षांपर्यंत सवलत देता येते. तुमच्या विद्यापीठाची पद्धत कार्यालयात एकदा विचारून घ्या.

आईंचे म्हणणे मला कठोर वाटले नाही. अतिथी व्याख्यातीचे मानधन सत्रापुरते असते, सुट्टीत घर कसे चालते ते त्या पाहतात, आणि "होईल लवकरच" हे उत्तर त्यांनी तीन वर्षे ऐकले आहे. त्यांना पदवीची नव्हे, पहिल्या प्रकरणाची तारीख सांगा आणि ती पाळा.

सोडण्याचा निर्णय आज घेऊ नका. ही बारा पाने लिहून झाल्यावरही काम नकोसे वाटले तर खुशाल सोडा. त्यात कमीपणा नाही आणि गावांचे कागद तोपर्यंत सुरक्षित झालेले असतील. पण पाने मनासारखी उतरली, तर मार्गदर्शकांना पाठवल्यानंतर एका रविवारी त्या गावी जा. गुरुजींना ती वाचून दाखवा, ज्यांची नावे वहीत आहेत त्या बायकांनाही बोलवा, आणि जाताना लेखनासाठी ठेवून घेतलेली मूळ वही परत द्यायला सोबत न्या.