टॉम मिक्स : पोस्टरवरचा आणि खरा

गेल्या अंकात मूकपटांच्या काळातला अमेरिकन काउबॉय-नट टॉम मिक्स याच्यावर एक टिपण आलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मिक्स स्पेनविरुद्धच्या युद्धात, चीनमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात लढला, मग टेक्सासमध्ये रेंजर (सशस्त्र पोलीस) झाला, असं एका जुन्या पुस्तकात वाचलं. हे खरं का? (सातारा)

नाही. यातली एकही लढाई त्याने पाहिली नव्हती. हा सगळा मसाला स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याचा, आणि मिक्सनेही तो नाकारला नाही. उलट त्यात भरच घातली.

त्याचा जन्म ६ जानेवारी १८८० चा, पेनसिल्व्हेनियातल्या मिक्स रन या वस्तीतला. तो लाकूडतोडीचा मुलूख, टेक्सासशी त्याचा काही संबंध नाही. वडील एका लाकूड-व्यापाऱ्याचा तबेला सांभाळत, घोड्यांशी गट्टी जमली ती तिथेच. एप्रिल १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटल्यावर तो सैन्यात भरती झाला खरा, पण तोफखान्यात. किनाऱ्यावरच्या तोफांची राखण करता करता सार्जंट झाला, परदेशी मात्र कधी गेला नाही. १९०२ मध्ये लग्न केलं, रजेवर गेला आणि परतलाच नाही. सैन्याच्या दप्तरात तो ‘फरारी’ आहे. खटला कधी चालला नाही, पण हे बाहेर फुटलं असतं तर देशभरच्या पोरांचा नायक एका दिवसात उतरला असता. युद्धाच्या कहाण्या इतक्या जोरात पिकवल्या गेल्या, त्यामागे ही भीतीही असावी असं आम्हांला वाटतं.

पण म्हणून त्याला सरसकट तोतया म्हणू नका. पुढे तो ओक्लाहोमात गेला, दारूच्या गुत्त्यात गल्ल्यामागे उभा राहिला, मिलर बंधूंच्या १०१ रँच या गुराढोरांच्या मळ्यावर राबला, ड्यूई गावात मार्शलचं, म्हणजे गावच्या पोलिसाचं कामही केलं. १९१० च्या सुमाराला सेलिग कंपनीच्या पटांत शिरला आणि १९१७ मध्ये फॉक्स या चित्रपट कंपनीकडे गेला. त्या काळच्या दुसऱ्या दोन काउबॉय-नटांशी ताडून पाहा : ब्रोंचो बिली अँडरसन १९०३ च्या रेल्वे-दरोड्याच्या गाजलेल्या पटात आला तेव्हा त्याला घोड्यावर धड बसताही येत नव्हतं. विल्यम हार्ट आला तो शेक्सपिअरच्या नाटकांतून. मिक्सची मांड मात्र अस्सल होती.

प्रश्न : पडद्यावरचा घोडा मिक्सचा टोनीच आहे की बदली, हे कसं ओळखायचं? (कोल्हापूर)

पाय बघा. टोनी तांबडा, तोंडावर पांढरा पट्टा आणि मागचे दोन पाय पांढरे. त्याच्या जागी आलेला टोनी ज्युनिअर आपल्याकडच्या भाषेत पंचकल्याणी : तोंडावर पट्टा आणि चारही पाय पांढरे. कृष्णधवल पटात तांबडा रंग नुसता करडा दिसतो, तेव्हा अंगाच्या रंगावर जाऊ नका. १९३२-३३ चे बोलपट बघताना विशेष सावध राहा, घोड्यांची अदलाबदल तिथेच झाली. धोक्याच्या उड्यांना इतर घोडेही वापरत. दूरच्या दृश्यात पुढचे पाय नीट दिसेपर्यंत निकाल देऊ नये.

प्रश्न : हे मूकपट मोबाइलवर लावले की माणसं तुरुतुरु चालतात. दोष कशाचा? (ठाणे)

बहुतेक वेळा फिल्मवरून उतरवलेल्या प्रतीचा. कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत. एका फेऱ्यात ८ चौकटी (फिल्मवरची एकेक चित्रं), सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ही असाच हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर चित्रित झाला. पुढे वेग वाढत गेला. अशी फिल्म सरळ २४ च्या गतीने उतरवली की सगळे पळत सुटतात. १८ चौकटींनी घेतलेला पट २४ ने चालत असेल, तर प्लेअरचा वेग ०.७५ वर आणा, हिशेब बरोबर बसतो. संगीत रेंगाळेल, आवाज बंद करा.

एक खबरदारी. वेग जुळवताना चालणाऱ्या माणसावर नजर ठेवा, दौडणाऱ्या घोड्यावर नको. पाठलागाच्या वेळी कॅमेरामन हँडल मुद्दाम सावकाश फिरवत, १२ चौकटींपर्यंतही उतरत, म्हणजे पडद्यावर घोडा वाऱ्यासारखा पळे. ती चलाखी दुरुस्त करायची नसते.

प्रश्न : त्याचा मृत्यू सुटकेसने झाला म्हणतात, ही दंतकथा ना? (पणजी)

ही नेमकी दंतकथा नाही. १२ ऑक्टोबर १९४०, ॲरिझोनातल्या फ्लोरेन्सच्या दक्षिणेला. पुराने वाहून गेलेल्या पुलाशी काम चालू होतं. रस्त्यावरचे अडथळे दिसताच मिक्सने ब्रेक दाबले, त्याची कॉर्ड कंपनीची मोटार घसरून ओहोळात उलटली आणि मागे ठेवलेली धातूची सुटकेस उसळून त्याच्या डोक्यावर आदळली. मान मोडली. वय ६०.

प्रश्न : एवढे पट केले, मग पाहायला इतके थोडे का मिळतात? आमच्या माळ्यावर आजोबांच्या फिल्मचे डबे आहेत, तेही जपून ठेवावेत का? (नाशिक)

मिक्सचे पट तीनशेच्या घरात, बोलपट त्यात अवघे दहाएक. ९ जुलै १९३७ ला न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथलं फॉक्सचं फिल्म-कोठार जळालं आणि त्यात कंपनीचे बहुतेक मूकपट गेले. फिल्म नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या रसायनाची होती. ती कुजताना पेटणारे वायू सोडते. उन्हाळ्याची लाट होती, कोठारात वारा खेळत नव्हता. पेटल्यावर अशी फिल्म स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्यातही विझत नाही.

तुमच्या डब्यांचं म्हणाल, तर १९५० च्या आधीची ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेट समजूनच हाताळा. कुजताना आधी चित्र पिवळट होतं, मग फिल्म चिकटते, फोड येतात, शेवटी तपकिरी भुकटी उरते. चिकटलेली रीळ ओढून सोडवू नका, प्रोजेक्टरवर लावू नका, तुकडा जाळून पाहू नका. पत्र्याखालच्या माळ्यावरून डबे आजच खाली आणा, थंड आणि हवेशीर जागी, गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा. आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी आधी बोला. कुरिअरने किंवा एसटीच्या पार्सलने मात्र मुळीच धाडू नका.