तक्ता गुंडाळून ठेव, ओटीवर जाऊन बस

प्रिय मुली,

पालक मेळाव्यात तू तक्ते लावून पाऊण तास बोललीस, आया माना डोलावून घरी गेल्या आणि पुढे काहीच हललं नाही, असं लिहिलंस. वाईट वाटून घेऊ नकोस. लेकराशी कसं बोलायचं हे तक्त्यावरून कळत नाही, आईच्या शेजारी बसून दाखवावं लागतं. बोर्डीच्या बालवाडीत पाड्यावरची मुलं येईनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. "अंगणवाडी" हे नाव तिथूनच आलं.

म्हणून गृहभेटीला ऐन कामाच्या वेळी जा. आई वाल सोलत बसलेली असेल, वर्ष-सव्वा वर्षाचं पोर मध्येच एक दाणा उचलून "बा" म्हणेल. तिथेच थांब आणि आईला म्हण, "बघा ताई, तो तुमच्याशी बोलला." मग तू बोलून दाखव: "हो, वाल! हिरवा वाल. आईला दे." आणि गप्प बस. मनातल्या मनात पाचपर्यंत मोज. हे गप्प बसणंच आयांना सगळ्यात जड जातं. मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण दुसरा प्रश्न विचारून मोकळे होतो. "हे काय? ते काय?" अशी परीक्षाही नको. त्याने एक शब्द म्हटला, तर आपण त्यात आणखी एक घालून परत द्यायचा, बस. आंघोळ घालताना, चूल पेटवताना, कोंबड्या डालताना हेच. वेगळा वेळ काढायला सांगशील तर तो कुणाकडेच नसतो.

आता माझी चूक सांगते, तू करू नयेस म्हणून. नवीन असताना डहाणूकडच्या एका पाड्यावर मी एका वारली आईला सांगितलं, "घरात पुस्तकातली मराठी बोला, म्हणजे शाळेत जड जाणार नाही." तिने माझं ऐकलं. तीन महिन्यांनी गेले, तर ती पोराशी "ये", "बस", "खा", "नको" एवढंच बोलत होती. त्याआधी तिलाच मी त्याला कडेवर घेऊन रंगवून गोष्ट सांगताना ऐकलं होतं. माझ्या एका वाक्याने ती गोष्ट बंद पडली. मी तिची माफी मागितली, पण ते तीन महिने मला अजून टोचतात. आईला ज्या बोलीत लाड करता येतात, रागावता येतं, त्याच बोलीत लेकराची भाषा फुलते. शाळेची मराठी त्याच पायावर उभी राहते.

मोबाईलवरून आईला रागावू नकोस. चुलीपाशी पोर येऊ नये म्हणून ती तो देते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत मोबाईल-टीव्हीचा पडदा नकोच. पण नुसतं "नको" म्हणून भागत नाही, हातात वाट्या, चमचे, शेंगा दे. वीटभट्टीवर गेलेला बाप फोनवर दिसतो, नाव घेऊन हाक मारतो, ते मात्र खुशाल चालू दे. तिथे कुणीतरी उत्तर देतंय.

एका बाबतीत अजिबात ढिलाई नको. वर्षाचं झालं तरी "बाबा, दादा" असे आवाज काढत नाही, मागून हाक मारली तर वळत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर लगेच नोंद कर. "त्याचा बापही उशिरा बोलला" हे घरोघरी ऐकशील. ऐकून घे, पण कान तपासून घेच, विशेषतः कान वाहत असेल तर. मुलांची तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तोवर थांबू नकोस, आरोग्य केंद्रात सांग. पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार होतात तिथे, पाठवता येतं. आई एकटी जायला घाबरली, तर पहिल्या खेपेला तू बरोबर जा.

तू लिहिलंस त्या घरातली आजी दिवसभर नातीजवळ असते ना? पुढच्या भेटीत तिच्याकडूनच सुरुवात कर. ती लहानपणी काय खेळायची ते विचार, नातीला मांडीवर घेऊनच सांगायला लाव. पोरगी कुठल्या शब्दाला हसली, ते मला कळव.

तुझी,
बाई