काशाचं ताट तडकलं, पितळी मात्र नुसती पोचली!

प्रश्न : फळीवरून काशाचं ताट आणि पितळी परात एकदमच पडली. परातीला पोचा आला, ताटाला मात्र काठापासून चीर गेली. ताट हलकं निघालं का? डाग देऊन सांधता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : उलट, ताट अस्सल असण्याचीच शक्यता जास्त. काशात साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील असतं. एवढ्या कथिलामुळे धातूत कठीण, ठिसूळ कण तयार होतात. म्हणूनच टिचकी मारली की तो घणघणतो. थंड काशावर हातोडा चालत नाही. कारागीर ते लाल तापवून ठोकतात आणि शेवटी पाण्यात विझवतात, त्याने ठिसूळपणा थोडा उतरतो. पत्र्याच्या पितळेत ३० ते ३७ टक्के जस्त असतं. ते तांब्यात विरघळून राहतं, त्यामुळे पितळ वाकतं, ताणलं जातं, पण सहसा तुटत नाही. पोचा लाकडी हातोडीने आतून काढता येईल.

ताटाला डाग देऊ नका. एकाच जागी आच लागली की चीर पुढे सरकते. शिवाय झाळणात, म्हणजे सांधायला वितळवून लावतात त्या धातूत, शिसं असू शकतं. ताट शोभेला ठेवायचं तर चिरेच्या टोकाशी २-३ मिलिमीटरचं भोक पाडा, चीर बहुधा तिथेच थांबेल. नाहीतर सरळ मोडीत द्या.

परातीत आंबट कालवायचं तर आधी कल्हई, म्हणजे आतून कथिलाचा पातळ थर, हवी. कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवू नका, कथील २३२ अंशांनाच वितळतं.