जॉय डिव्हिजन, टॉकिंग हेड्स आणि क्युअरनंतर काय ऐकावं?

या तिन्ही बँडचे अल्बम पाठ झालेत, आता त्याच काळातलं पण फारसं कानावर न पडलेलं काहीतरी सुचवा, असं तुम्ही विचारलंय. वीस नावं सहज टाकता येतील, पण मग प्रत्येकाचं अर्धं गाणं ऐकून तुम्ही पुढे सरकाल. त्यापेक्षा एकच धागा धरतो: टेपरेकॉर्डर हाच ज्यांच्याकडे एक वादक होता, अशा मंडळींचे 1980 ते 82 मधले तीन अल्बम.

सगळ्यात आधी धिस हीटचा ‘डिसीट’ (1981). लंडनचं त्रिकूट: चार्ल्स हेवर्ड, चार्ल्स बुलन आणि गॅरेथ विल्यम्स. पहिले दोघे कसलेले वादक, विल्यम्स मात्र वाद्यांच्या बाबतीत जवळजवळ कोरा, आणि माझ्या मते बँडची खरी गंमत तिथेच आहे. लंडनच्याच ब्रिक्स्टन भागात मीट पाय, म्हणजे मांस भरलेल्या पेस्ट्रीच्या, जुन्या कारखान्यातली शीतखोली त्यांनी तालमीला घेतली, तिचं नावही ‘कोल्ड स्टोरेज’च ठेवलं. वाजवलेलं टेपवर घ्यायचं, मग टेप कापायची, जोडायची, वेग बदलायचा आणि त्यातून गाणं काढायचं, असा कारभार. काळ शीतयुद्धाचा, युरोपात नवी अमेरिकी क्षेपणास्त्रं आणून ठेवायचं ठरलेलं. अणुबॉम्बची धास्ती अल्बमभर आहे, मुखपृष्ठावरच्या चेहऱ्यातसुद्धा मशरूमसारखा ढग आहे.

पण घोषणा देत बसत नाहीत हे लोक. पहिलं गाणं ‘स्लीप’ चक्क अंगाईसारखं हळू येतं, शब्दांत मात्र जाहिरातींची गुंगी. ‘इंडिपेंडन्स’मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातला मजकूर चालीवर म्हटलाय. ‘पेपर हॅट्स’ हेडफोन लावून ऐका. गाणं नीट रुळावर येतंय म्हणेपर्यंत रूळच उखडले जातात, आणि उरतं ते नुसतं फिरत राहणारं वादन. पहिल्यांदा ऐकताना ‘हे काय चाललंय?’ असं वाटेल. वाटू द्या.

दुसरा कार्डिफच्या यंग मार्बल जायंट्सचा ‘कलॉसल यूथ’ (1980). याला दुर्लक्षित म्हणणं थोडं ताणल्यासारखं आहे, कारण निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनच्या आवडत्या अल्बमच्या यादीत तो होता. तरी आपल्याकडे कोणी नाव काढत नाही. ड्रमर नाहीच. घरगुती ड्रम मशीनचे ठेके कॅसेटवर भरून घ्यायचे आणि कार्यक्रमात ती कॅसेट लावायची. त्यावर फिलिप मॉक्सहॅमचा बास, त्याचा भाऊ स्टुअर्टची तुटक गिटार आणि ॲलिसन स्टॅटनचा अजिबात नाटक न करणारा आवाज. इतकं कमी वाजवून इतकं भरलेलं मी दुसरं ऐकलेलं नाही. पूर्ण लांबीचा अल्बम त्यांनी हा एकच केला.

तिसरा बॉस्टनच्या मिशन ऑफ बर्माचा ‘व्हर्सस’ (1982). वरवर हा सरळ, कर्कश गिटारचा अल्बम. गोम अशी की चौथा सदस्य मार्टिन स्वोप स्टेजवर नसायचाच. तो सगळे आवाज एकत्र जुळवणाऱ्या मिक्सिंग डेस्कपाशी बसून चालू गाण्यातलाच तुकडा टेपवर पकडायचा आणि त्याच गाण्यात परत सोडायचा. श्रोत्यांना कळायचं नाही हा जादाचा आवाज येतोय कुठून. ‘ट्रेम टू’पासून सुरुवात करा. बँडचा गिटारवादक रॉजर मिलरच्या कानात सतत आवाज घुमायला लागला आणि 1983 मध्ये बँड थांबला. (आवाज बेताने ठेवा, ही विनोदाची गोष्ट नाही.)

द साउंड या बँडचा ‘फ्रॉम द लायन्स माउथ’ बहुतेक जण सुचवतील. चांगला आहे, पण जॉय डिव्हिजन ऐकलेल्याला त्यात नवं फार नाही.

‘डिसीट’ पहिल्या खेपेला झेपला नाही तर एक आडवाट आहे. विल्यम्स बँड सोडून भारतात आला, कथकली शिकला. नंतर त्याने मेरी करीबरोबर ‘फ्लेमिंग ट्यून्स’ नावाची कॅसेट काढली (1985). घरगुती, मऊ, पियानो आणि टेपची. आधी ती लावा, दोनतीन दिवस मुरू द्या, मग ‘डिसीट’कडे परत या.