पायाखाली काय आहे? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या पाच मजली इमारतीसाठी बारा मीटर रुंदीचा राफ्ट, म्हणजे इमारतीखाली सलग काँक्रीटचा पाया, ठरला आहे. पायाच्या पातळीवर प्लेट लोड टेस्ट केली (छोट्या प्लेटवर भार टाकून माती किती दबते ते पाहिलं), निकाल उत्तम आला. कन्सल्टंट तरीही माती तपासायला तीन खोल बोअर (जमिनीत खोल छिद्रं) घ्या म्हणतात. कंत्राटदाराला हा वायफळ खर्च वाटतो. मॅडम, खरंच गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि काँक्रीट ओतण्याआधी आहे. तुमची प्लेट किती मोठी होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. साधारणपणे ती ३० ते ७५ सेंमीची असते. मातीवर भार टाकला की त्याचा जाणवण्याजोगा परिणाम त्या भाराच्या रुंदीच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंत पोचतो. म्हणजे ६० सेंमीच्या प्लेटने जेमतेम सव्वा मीटर मातीची परीक्षा घेतली. तुमचा राफ्ट मात्र अठरा-वीस मीटर खालच्या मातीलाही दाबणार आहे. त्या मातीला अजून कोणी काही विचारलेलंच नाही.

कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे धान्याचं एक प्रचंड कोठार होतं. बांधण्याआधी तिथेही चाचणी झाली होती, पण उथळ. वरचा चिकणमातीचा थर घट्ट होता, त्यामुळे निकाल चांगला आला. ऑक्टोबर १९१३मध्ये कोठार भरत आलं आणि खचू लागलं. दिवसभरात ते जवळजवळ २७ अंशांनी कललं. कोठाराचं काँक्रीट मात्र जवळपास शाबूत राहिलं. पुढे खालच्या खडकापर्यंत आधार देऊन त्यांनी ते सरळही केलं. दोष बांधकामात नव्हताच. पुढे १९५०च्या दशकात तिथे बोअर घेतले, तेव्हा घट्ट थराखाली मऊ माती सापडली. कोणी ‘प्लेट पास झाली’ म्हणालं की मला हे कोठार आठवतं.

दुसरी गोष्ट वेळेची. प्लेटची चाचणी काही तासांत, फार तर काही दिवसांत आटोपते. ओल्या चिकणमातीतलं पाणी मात्र भाराखाली हळूहळू पिळून निघतं आणि तितक्याच संथपणे इमारत खाली बसत जाते. मातीच्या यांत्रिकीचा पाया घालणाऱ्या कार्ल तेर्झागींनी १९२०च्या दशकात याचं गणित मांडलं. त्यातला एक हिशोब लक्षात ठेवा : थराची जाडी दुप्पट झाली तर बसायला लागणारा काळ चौपट होतो. प्लेटवर हे दिसणं शक्यच नाही.

बोअर घ्याल तेव्हा स्वतः जाऊन उभे राहा. एसपीटीमध्ये, म्हणजे बोअरच्या तळाशी नळी ठोकून माती किती घट्ट आहे ते पाहण्याच्या चाचणीत, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पडायला हवा, प्रत्येक वेळी. दोर ओढणारा दमला की उंची कमी होते, ठोके जास्त लागतात आणि कागदावर माती आहे त्यापेक्षा घट्ट दिसते. पहिल्या १५ सेंमीचे ठोके लिहायचे, पण एन व्हॅल्यूत, म्हणजे ठोक्यांच्या अंतिम आकड्यात, धरायचे नाहीत. पुढच्या ३० सेंमीचे धरायचे. वाळू असेल तर बोअरमधलं पाणी भूजलाच्या पातळीखाली जाऊ देऊ नका. तसं झालं की तळातून वाळू उसळते, सैल होते, आणि मग चांगली वाळूही रिपोर्टात वाईट ठरते.

प्रश्न : आमच्या एका बोअरला सहा मीटरवर ‘रिफ्युजल’ मिळालं. बाकीच्या तिन्हींत खडक नऊ मीटरच्या आसपास आहे. पाइल (पायासाठी जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब) त्या कोपऱ्यात सहा मीटरवर थांबवावा का?

उत्तर : अजिबात नको. ठोक्यांना माती दाद देत नाही, एवढंच ‘रिफ्युजल’ सांगतं. खाली खडक आहे असं ते सांगत नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्यासमोर हुबेहूब हेच आकडे होते. त्या चौथ्या बोअरमधून जेमतेम ४० सेंमीचा कोअर, म्हणजे नळीने कापून काढलेला दगडाचा दंडगोल, निघाला. चकचकीत, अखंड. मी लॉगवर, म्हणजे बोअरच्या नोंदपत्रकावर, ‘खडक’ लिहिलं आणि खडकाची पातळी त्या बाजूला चढते अशी सुरेख तिरकी रेघ काढली. पाइल खोदताना छिन्नी अचानक खाली गेली. तो मातीत अडकलेला धोंडा होता आणि त्याखाली पुन्हा मऊ चिकणमाती. काँक्रीट पडलेलं नव्हतं म्हणून निभावलं, पण त्या कोपऱ्यातले सगळे पाइल नव्याने डिझाइन करावे लागले. ती चूक माझी होती. ती रेघ मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

तेव्हापासून माझा नियम असा : कठीण लागलं की तिथून पुढे किमान तीन मीटर कोअर काढायचा. कोअर बॉक्स उघडून शेजारच्या बोअरच्या बॉक्सजवळ ठेवायचा. दगडाची जात तीच आहे का, पोत तसाच आहे का, मध्ये कुठे मातीचा पट्टा आहे का, हे डोळ्यांनी पाहायचं. तुमच्या सहा मीटरच्या बोअरमध्ये हे झालेलं नसेल, तर त्याच्या बाजूला दुसरा बोअर घ्या.

प्रश्न : घर काळ्या मातीवर आहे. खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी भेग उन्हाळ्यात रुंदावते, पावसाळ्यात मिटते. सिमेंटने भरली तर पुन्हा फुटते.

उत्तर : भरणं थांबवा. भेग मिटायची वेळ येते तेव्हा आतलं सिमेंट तिला मिटू देत नाही आणि भिंत दुसरीकडे फुटते. काळी माती पाणी पिऊन फुगते, सुकली की आक्रसते. घराच्या सगळ्या बाजू सारख्या सुकत नाहीत, म्हणून पाया वाकतो. आधी पाण्याचा शोध घ्या : गळकी नळजोडणी, पायाशी सोडलेलं छताचं पाणी, भिंतीलगतचं मोठं झाड. झाड घाईने तोडू नका. मुळं ओढत असलेलं पाणी एकदम थांबलं की माती पुन्हा फुगू लागते आणि नवा त्रास सुरू होतो.

भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करा आणि महिन्यातून एकदा अंतर मोजून तारखेसह लिहा. भेग उघडत-मिटत राहिली तर कारण ओलाव्यात आहे. ती फक्त रुंदावतच गेली तर पाया खचतो आहे आणि बोअर घ्यावाच लागेल. वर्षाच्या नोंदी झाल्या की पाठवा. झाड असेल तर त्याची उंची आणि भिंतीपासूनचं अंतरही लिहा.